कपाटातली पॉलिसी काढा, पुस्तक नंतर उघडा

मागच्या अंकात घर सांभाळून करता येण्यासारख्या कामांबद्दल लिहिताना विमा एजंटच्या परीक्षेचा दोन ओळींत उल्लेख केला होता आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी त्याच दोन ओळींवर. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्या परीक्षेलाच दिलंय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. एजंट व्हायचं तर आयआरडीएआय म्हणजे आपल्या विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे एक परीक्षा पास व्हावी लागते, तिला सगळे आयसी ३८ म्हणतात. पुस्तक मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचं. कॉम्प्युटरवर ५० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ एक तास, पास व्हायला ३५ टक्के म्हणजे ५० पैकी १८. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण एवढं असलं की बसता येतं. बोलताना आपण लायसन्सची परीक्षा म्हणतो, पण २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर एजंटची नेमणूक कंपनीच करते, त्यामुळे आधी कुठल्या तरी कंपनीमार्फत नाव नोंदवायचं, ट्रेनिंग घ्यायचं आणि मग परीक्षा. मी बरीच वर्षं याच परीक्षेचे क्लास घेतेय, त्याआधी स्वतः एजन्सी केलीय, तेव्हा जे सांगतेय ते समोर बसलेली माणसं बघून सांगतेय.

प्रश्न : ताई, माझं वय ४३. दहावी होऊन २७ वर्षं झाली, त्यानंतर पुस्तक हातात धरलं ते फक्त मुलांच्या अभ्यासासाठी. आमच्या भिशीतल्या एकीने एजन्सी घेतली म्हणून मीही नाव दिलंय. पुस्तक दुपारी वाचायला घेते, दहा पानं होतात आणि संध्याकाळी विचारलं तर एक ओळ आठवत नाही. माझ्याच्याने होईल का हे? — एक वाचक, कराड

उत्तर : होईल ताई. आठवत नाही याचं कारण वय नाही. तुम्ही ते पुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखं पहिल्या पानापासून वाचताय आणि त्यात गोष्ट नाहीये, नुसत्या व्याख्या आहेत. व्याख्या अशा वाचून कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, माझ्या क्लासला बीकॉम झालेली मुलं येतात त्यांच्याही नाही.

एक काम करा. पुस्तक चार दिवस बाजूला ठेवा आणि कपाटातून घरातली एखादी जुनी पॉलिसी काढा, मिस्टरांची असेल, सासऱ्यांची असेल, कुठल्याही कंपनीची चालेल, आणि ती घेऊन बसा. पॉलिसी म्हणजे तुमचं अर्धं पुस्तक आहे आणि त्यात तुमच्याच घरातल्या माणसाचं नाव आहे, म्हणून ते विसरलं जात नाही.

पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, विम्याची रक्कम, हप्ता, मुदत आणि नॉमिनी. नॉमिनीच्या जागी कोणाचं नाव आहे बघा. लग्नाआधीची पॉलिसी असेल तर पुष्कळदा आईचं नाव असतं आणि लग्नानंतर ते बदलायचं राहून गेलेलं असतं, कारण लग्न झालं म्हणून नॉमिनी आपोआप बदलत नाही, तो अर्ज देऊन बदलावा लागतो. हे तुम्ही एकदा स्वतःच्या कागदावर बघितलंत की विमा कायदा १९३८, कलम ३९, नॉमिनेशन हे तुम्हाला वेगळं पाठ करावं लागणार नाही. नॉमिनी लहान मूल असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारा मोठा माणूस नेमावा लागतो, त्याचंही नाव तिथंच असतं. आणि पॉलिसी बँकेत गहाण ठेवली असेल तर ते असाइनमेंट, म्हणजे पॉलिसीचे हक्क दुसऱ्याच्या नावे करणं, कलम ३८. असाइनमेंट केलं की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, पण कर्ज घेताना त्याच विमा कंपनीच्या किंवा, २०१५ च्या दुरुस्तीपासून, कर्ज देणाऱ्या बँकेच्या नावे केलं असेल तर नाही होत, नॉमिनीचा हक्क तेवढ्या कर्जापुरता कमी होतो. या एका फरकावर प्रश्न येतो.

मग प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, कॉपी जोडलेली असेल ती वाचा. तब्येतीचे प्रश्न, घरात कोणाला कुठले आजार, आधीच्या पॉलिसी किती. तिथं जे लिहिलंय ते खरं लिहिलंय का हे मिस्टरांना विचारा. पुस्तकात जो परम सद्भाव म्हणून धडा आहे तो हाच, माणसाच्या तब्येतीचं कंपनीला आपण सांगू तेवढंच कळणार, म्हणून विचारलेलं आणि जोखमीवर परिणाम करणारं सगळं खरं सांगायचं. बाजारात भाजी घेताना आपण निवडून घेतो, तिथं बघून घ्यायची जबाबदारी आपली, विम्यात मात्र दोन्ही बाजूंनी काही लपवायचं नाही. एवढा फरक डोक्यात बसला की धडा संपला.

मागच्या पानांवर अटी असतात. हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत, महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस, तिमाही सहामाही वार्षिक असेल तर ३०. पॉलिसी मध्येच बंद केली तर काय मिळतं. आत्महत्येचं कलम. दाव्याला कुठले कागद. एकेक अट वाचली की पुस्तकात तो धडा शोधून तेवढाच वाचा. म्हणजे पुस्तक उघडायचं ते काहीतरी शोधायला.

आणि तुमची भिशी आहे ना, तिचा उपयोग करा. भिशीत बारा जणी दरमहा पैसे टाकतात आणि प्रत्येकीला आपापल्या पाळीला तेवढेच परत मिळतात. विम्यात तसं नाही. समजा गावात ५०० घरं आहेत, प्रत्येक ४ लाखांचं आणि वर्षाला साधारण एक घर जळतं. प्रत्येकाने ८०० रुपये काढले तर ४ लाख जमतात आणि ज्याचं जळलं त्याचं उभं राहतं, बाकी ४९९ जणांना काहीच परत मिळत नाही आणि मिळायची वेळ येऊ नये हीच सगळ्यांची इच्छा. हे तुम्ही भिशीतल्या बायकांना एकदा तुमच्या शब्दांत समजावून सांगा, पुस्तक न बघता. जिथं अडखळाल तिथं अभ्यास कच्चा आहे हे तिथल्या तिथं कळेल आणि घरी येऊन तेवढंच वाचायचं. क्लासमध्ये मी हेच करते, शिकवून झालं की पुस्तकं बंद करायला लावते आणि शेजारच्याला सांगायला लावते, पहिल्यांदा सगळे लाजतात पण आठवड्यात सवय होते.

रोज किती वेळ, तर दीड तास पुरे पण रोज. रविवारी सहा तास बसून बाकी दिवस सुट्टी असं नको. सकाळी चहा उकळेपर्यंत कालच्या अभ्यासातले पाच प्रश्न स्वतःला विचारायचे, उत्तर आठवायला जड गेलं पाहिजे, जड गेलं तरच ते राहतं. साधारण तीन साडेतीन आठवड्यांत तुमचं होईल. इतिहासाच्या सनावळ्या शेवटच्या दोन दिवसांत करा, त्या थोड्याच आहेत : १८१८ कोलकात्याची ओरिएंटल लाइफ, १८५० ट्रायटन ही जनरल विम्याची (आयुर्विमा सोडून बाकीच्या विम्याची) कंपनी, १९३८ विमा कायदा, १ सप्टेंबर १९५६ एलआयसी, १९७३ जनरल विम्याचं राष्ट्रीयीकरण, १९९३ विमा क्षेत्रातल्या सुधारणांसाठीची मल्होत्रा समिती, १९९९ आयआरडीए कायदा. फ्रिजवर चिकटवा आणि येता जाता वाचा.

प्रश्न : मॅडम, मी दोनदा नापास झालो, एकदा १५ आणि एकदा १६ मार्क. व्हॉट्सॲपवर ५०० प्रश्नांची पीडीएफ मिळाली होती ती मी चार वेळा सोडवली, शेवटी तर प्रश्न वाचायच्या आधी उत्तर यायचं. परीक्षेत मात्र सगळे प्रश्न वेगळेच वाटले. आता तिसऱ्यांदा फी भरायची हिंमत होत नाही. — एक वाचक, नांदेड

उत्तर : दादा, फी भरा. तुमची मेहनत कमी नाही पडली, ती चुकीच्या जागी गेली. प्रश्न वाचायच्या आधी उत्तर यायचं म्हणता ना, तिथंच घोटाळा आहे, तुम्हाला उत्तर माहीत नव्हतं, तुम्हाला पानाचा चेहरा ओळखीचा झाला होता. परीक्षेत शब्द फिरवले, पर्यायांची जागा बदलली की ती ओळख गेली.

पीडीएफ फेकू नका पण वापरायची पद्धत बदला. आता प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तरावर टिक न करता बाकीचे तीन पर्याय का चुकले ते वहीत एकेका ओळीत लिहा. ५०० ची गरज नाही, ८०-१०० प्रश्न असे केले तरी पुष्कळ झालं. एक करून दाखवते. प्रश्न असा की आगीच्या विम्यात विमायोग्य हित, म्हणजे ती वस्तू गेली तर आपलं नुकसान होईल असा संबंध, कधी असावं लागतं. पर्याय : फक्त पॉलिसी घेताना, फक्त नुकसान होताना, दोन्ही वेळी, कधीच नाही. उत्तर दोन्ही वेळी. आता बाकीचे का नाहीत? फक्त पॉलिसी घेताना हे आयुर्विम्याला लागू, कारण नवऱ्याची पॉलिसी बायकोने काढली तेव्हा नातं होतं एवढं पुरतं. फक्त नुकसान होताना हे समुद्री मालाच्या विम्याला, कारण माल बोटीवर असतानाच विकला जातो, निघताना एकाचा असतो आणि पोचेपर्यंत दुसऱ्याचा. घराचं काय, तर मी घर विकून टाकलं आणि नंतर ते जळलं तर माझं काय नुकसान झालं? काहीच नाही, म्हणून नुकसानाच्या वेळीही ते माझं असायला हवं. आणि कधीच नाही असं झालं तर तो जुगार, कोणीही कोणाच्याही घरावर पैसे लावेल. बघा, एका प्रश्नात चार प्रश्न झाले. हाच प्रश्न आयुर्विमा म्हणून आला, बोट म्हणून आला, तरी आता चुकणार नाही.

दुसरी गोष्ट, तुमचे मार्क १५-१६ आहेत म्हणजे दोन-तीन मार्कांनी गेलंय, आणि इतके मार्क पुष्कळ वेळा 'खालीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही' या प्रकारात जातात. 'नाही' डोळ्याआड होतं, पहिलाच पर्याय बरोबर दिसतो आणि माणूस क्लिक करून पुढं जातो. घरी सराव करताना असा प्रश्न आला की 'नाही' हा शब्द मोठ्याने बोलायचा, परीक्षेत मनात बोलायचा. तसंच 'विधान एक आणि विधान दोन' वाले प्रश्न, तिथं आधी दोन्ही विधानं वेगवेगळी खरी की खोटी ठरवा, पर्यायांकडे नंतर बघा.

एका तासात ५० प्रश्न म्हणजे एकाला बहात्तर सेकंद. घरी घड्याळ लावून पूर्ण पेपर निदान चार वेळा सोडवा आणि प्रत्येक पेपरनंतर चुकलेल्या प्रश्नांची वही करा. शेवटच्या दोन दिवसांत फक्त ती वही, दुसरं काही नको. आणि परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडू नका, मार्क कापत नाहीत हे लक्षात असूनही घाबरून सोडणारे मी बघितलेत.

प्रश्न : माझ्या क्लासचे सर सांगतात फ्री लूक पिरियड १५ दिवस, वर्तमानपत्रात वाचलं की ३० दिवस. मोबाइलवरच्या व्हिडिओत तिसरंच. मी कुठलं लिहू? — एक वाचक, ठाणे

उत्तर : फार बरं झालं विचारलंत, कारण हा गोंधळ सगळीकडे आहे आणि कोणी नीट सांगत नाही. तुमचे सर खोटं बोलत नाहीयेत, त्यांचं पुस्तक जुनं आहे. पॉलिसी हातात आल्यावर पसंत नसेल तर परत करायची मुदत पूर्वी साधारणपणे १५ दिवस होती, २०२४ च्या नियमांपासून ३० दिवस झाली. असं आणखी दोन-तीन ठिकाणी झालंय. हेल्थ पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त थांबावं लागायचं ४८ महिने, ते आता ३६ महिने. हेल्थलाच मोरेटोरियम म्हणतात तो काळ, ज्याच्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी आधी काय सांगितलं नव्हतं यावरून दावा नाकारू शकत नाही, तो आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला. विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, भरपाई मागायची मर्यादा ३० लाख होती, २०२३ मध्ये ५० लाख झाली. ग्राहक न्यायालयाचा कायदाही १९८६ चा जाऊन २०१९ चा आला आणि जिल्हा आयोगाकडे आता ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जातात, राज्य आयोगाकडे ५० लाख ते २ कोटी, त्यावरची राष्ट्रीय आयोगाकडे.

परीक्षेपुरतं बोलायचं तर प्रश्न नेमलेल्या पुस्तकावरून निघतात, म्हणून ज्या कंपनीतून नाव नोंदवलंय तिथल्या ट्रेनरला सरळ विचारा की सध्या कुठली आवृत्ती चालू आहे आणि तीच मागून घ्या, भावाची नाहीतर मैत्रिणीची तीन-चार वर्षांपूर्वीची वापरू नका. पुस्तक हातात आलं की पहिल्या पानावरचं साल बघायची सवय लावा. वहीत या बदललेल्या आकड्यांसाठी एक पान वेगळं ठेवा, जुना आकडा, नवा आकडा, कधी बदलला. पर्यायांत १५ आणि ३० दोन्ही दिसले तर चालू पुस्तकात जे आहे तेच लिहायचं. ग्राहकासमोर मात्र त्या दिवशी लागू असलेला नियमच सांगायचा, तिथं पुस्तकाचं काही चालत नाही. दहा दिवस उलटलेल्या माणसाला 'आता फक्त पाच दिवस राहिले' असं घाईघाईत सांगितलं तर त्याचं नुकसान होऊ शकतं.

प्रश्न : मला गणिताची भीती आहे, दहावीलाही कसाबसा पास झालो. या परीक्षेत गणित किती येतं आणि ते सोडून दिलं तर चालेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : सोडून दिलंत तरी पास व्हाल, गणितं थोडीच असतात. पण सोडू नका, कारण त्यात बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही नाही आणि उद्या गिऱ्हाइकासमोर हीच गणितं करायची आहेत. तीन सांगते, कागद घ्या.

पहिलं, माणसाच्या कमाईची किंमत, ह्यूमन लाइफ व्हॅल्यू. एक माणूस महिन्याला ३०,००० कमावतो, स्वतःवर १०,००० खर्च करतो, म्हणजे घराला २०,००० मिळतात, वर्षाचे २,४०,०००. आता तो नसला तर बँकेत किती रक्कम ठेवली म्हणजे व्याजातून वर्षाला २,४०,००० येतील? व्याज ८ टक्के धरा. २,४०,००० ला ०.०८ ने भागा, ३० लाख. संपलं. यात चूक एकच होते, स्वतःचा खर्च वजा करायला विसरतात.

दुसरं, पेड-अप, म्हणजे हप्ते बंद केल्यावर पॉलिसी किती रकमेची उरते. २० वर्षांची पॉलिसी, ५ लाखांची, वार्षिक हप्ता. आठ हप्ते भरले आणि बंद केली. वीसपैकी आठ भरले म्हणून ५ लाख गुणिले ८ भागिले २०, २ लाख. त्या वेळेपर्यंत जमलेला बोनस असेल तर तो वेगळा मिळवायचा.

तिसरं, कमी रकमेचा विमा. तुमच्या चिपळूणच्या पुराचंच उदाहरण घेऊ. दुकानातला माल २० लाखांचा, मालकाने हप्ता वाचवायला विमा काढला १० लाखांचा. पाणी शिरलं, ४ लाखांचं नुकसान. त्याला वाटतं १० लाखांचा विमा आहे, ४ लाख सहज मिळतील. मिळतात २ लाख, कारण त्याने निम्म्याच मालाचा विमा काढला होता, उरलेल्या निम्म्याची विमा कंपनी तो स्वतःच. याला सरासरीचं कलम म्हणतात. २००५ आणि २०२१ चे पूर ज्या गावाने बघितलेत तिथं हे गणित प्रत्येक दुकानदाराला कळायला हवं आणि ते सांगायला तुमच्यासारखा माणूस हवा.

प्रश्न : पेपर मराठीत द्यावा की इंग्रजीत? मराठी पुस्तकातले शब्द कळत नाहीत आणि इंग्रजी वाचायला वेळ लागतो. — एक वाचक, बार्शी

उत्तर : ज्या भाषेत भांडता त्या भाषेत द्या, म्हणजे मराठीत. नाव नोंदवतानाच भाषा निवडायची असते, तेव्हा नीट बघून निवडा. मराठी पुस्तकातले शब्द जड आहेत हे खरंय, कारण ते आपण कधी बोलत नाही. वहीत तीन रकाने आखा, पुस्तकातला शब्द, ऑफिसात बोलतात तो शब्द आणि घरातलं उदाहरण. अभिहस्तांकन, असाइनमेंट, घराच्या कर्जासाठी बँकेत ठेवलेली पॉलिसी. समर्पण मूल्य, सरेंडर व्हॅल्यू, भावाने मध्येच पॉलिसी मोडली तेव्हा हातात आलेले पैसे. प्रत्यासन, सबरोगेशन, ट्रकने आपली गाडी ठोकली, कंपनीने आपल्याला पैसे दिले आणि मग कंपनी ट्रकवाल्याच्या मागे लागली. असे चाळीसेक शब्द झाले की पुस्तक सरळ वाचता येतं.

प्रश्न : माझ्या ओळखीचा एक जण म्हणतो की अभ्यास कशाला करतेस, १८ तर मार्क पाहिजेत, अंदाजे क्लिक केलंस तरी होईल, नाहीतर तुझ्या जागी दुसऱ्याला बसवतो. मला हे पटत नाही पण सगळे असंच करतात म्हणे. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दुसऱ्याला बसवणं ही सरळ फसवणूक आहे आणि ती उघडकीला आली तर एजन्सी तर जाईलच, पोलीस केसही होऊ शकते, त्यामुळे त्या माणसाला आजच नाही म्हणून सांगा. सगळे असं करत नाहीत. माझ्या क्लासमधून धुणीभांडी करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या बाई पास झाल्यात.

अंदाजे क्लिकचं म्हणाल तर चार पर्यायांत नशिबाने पन्नासात बारा-तेरा येतात, अठरा नाही. पण माझं सांगणं वेगळंच आहे, आणि ते मी प्रत्येक बॅचला सांगते. मी नवीन असताना आमच्या भागात एका एजंटने एका शेतकऱ्याची पॉलिसी काढली. त्याला शुगरच्या गोळ्या चालू होत्या, त्याने एजंटला तसं सांगितलंही होतं. एजंटने फॉर्मवर मधुमेहासमोर 'नाही' लिहिलं, का तर मेडिकल लागेल आणि काम लांबेल. त्या एजंटला असं लिहिलं की पुढं काय होतं हे माहीतच नव्हतं, तो पास झाला होता पण त्याने तो धडा वाचलाच नव्हता. चौदा महिन्यांनी तो शेतकरी गेला. कलम ४५ असं सांगतं की पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनी ती कुठल्याही कारणाने खोटी ठरवू शकत नाही, पण त्या तीन वर्षांच्या आत चौकशी होते, आणि झाली, औषधाच्या दुकानाच्या पावत्या निघाल्या, दावा नामंजूर. त्या शेतकऱ्याच्या पत्नीबरोबर मी स्वतः कागद घेऊन फिरलेय, पुष्कळ फिरलो आम्ही. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की नवऱ्याने खरं सांगूनही खोटं कसं झालं. फॉर्मवर सही त्याची होती.

म्हणून माझ्या क्लासमध्ये १८ हा आकडा मी फळ्यावर लिहीत नाही. प्रपोजल फॉर्म, कलम ४५, नॉमिनेशन, दाव्याचे कागद आणि तक्रार कुठं करायची हे धडे पूर्ण यायला हवेत, त्यात एकही चूक मी चालवून घेत नाही. इतिहासात किंवा बोनसच्या प्रकारांत दोन-चार चुकले तर चुकू देत. तुम्ही पण अभ्यासाला असंच वजन द्या, जिथं तुमच्या चुकीने दुसऱ्याचं घर बुडू शकतं तिथं जास्त वेळ.

प्रश्न : माझी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी काय काळजी घेऊ? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : हॉल तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच आहे का ते आजच बघा, उद्यावर टाकू नका. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं इथंच अडतं, आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, फॉर्ममध्ये तिसरंच. फरक असेल तर कंपनीच्या ऑफिसात आजच फोन करा. मूळ ओळखपत्र न्या, झेरॉक्स नाही.

कॉम्प्युटरची सवय नसेल तर मुलाच्या नाहीतर शेजारच्याच्या कॉम्प्युटरवर दोन दिवस अर्धा-अर्धा तास नुसता माउस चालवा, मोबाइलवर बोटाने सराव केलेल्यांचे तिथं पहिले दहा मिनिटं हात थरथरतात. आदल्या रात्री नवीन धडा उघडू नका, चुकांची वही एकदा वाचून झोपा. पेपरात ज्यांचं उत्तर येतंय ते प्रश्न आधी भराभर सोडवत शेवटपर्यंत जा, अडलेले खूण करून ठेवा आणि दुसऱ्या फेरीत घ्या. दुसऱ्या फेरीत पहिलं उत्तर बदलायचं असेल तर का बदलतोय हे स्वतःला सांगता आलं तरच बदला, नुसती भीती वाटते म्हणून नको. आणि जेवून जा, सेंटर गावाबाहेर असतं, परत यायला उशीर होतो.